कॅसेटच्या लेबलावरचा वऱ्हाडी प्रेक्षक

सिनेमा पाहणारा माणूस आपले मत सहसा लिहून ठेवत नाही. आवडला तर शिट्टी मारतो आणि पुन्हा तिकीट काढतो, नाही आवडला तर मध्यंतरात उठून घरी जातो. टॉकीजमध्ये निदान रोजच्या गल्ल्याचा तक्ता, धंद्याच्या भाषेत ‘डीसीआर’, तरी भरला जातो. घरी व्हिडिओवर सिनेमा पाहणाऱ्याची तेवढीही नोंद होत नाही. तरीसुद्धा 1977 चा ‘एजंट विनोद’ हा हेरगिरीचा सिनेमा आणि वाशिमसारख्या गावांतला त्याचा प्रेक्षक यांचे नाते कागदांवरून बऱ्यापैकी उभे करता येते. हे कागद प्रेक्षकाने लिहिलेले नाहीत. त्याला आवर घालू पाहणाऱ्यांनी आणि त्याला माल विकणाऱ्यांनी ते लिहिले. पण माणसे ज्याच्या मागे लागतात त्याचे वर्णन तपशीलवार करतात, म्हणून मला हे कागद मोलाचे वाटतात.

पहिला प्रश्न पत्त्याचा. वाशिम जिल्हा 1 जुलै 1998 रोजी अस्तित्वात आला. त्याआधी वाशिम, रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, कारंजा आणि मानोरा हा सगळा मुलूख अकोला जिल्ह्यात होता. इंग्रजांच्या काळात बासीम नावाचा स्वतंत्र जिल्हा होता, तो 1905 मध्ये मोडण्यात आला. म्हणजे व्हिडिओचे जे खरे दशक, 1980 ते 1990, त्यातली वाशिमची सरकारी नोंद अकोल्याच्या नावाखाली शोधावी लागते. सिनेमाच्या धंद्यात पत्ता आणखी निराळा. वितरकांच्या नकाशात विदर्भ आणि त्याला लागून असलेला मध्य प्रदेशाचा भाग मिळून ‘सी.पी. बेरार’ हे एक क्षेत्र. सी.पी. बेरार, म्हणजे मध्य प्रांत आणि वऱ्हाड, हे नाव 1950 मध्ये सरकारदप्तरातून गेले, 1956 मध्ये विदर्भ मुंबई राज्यात आला आणि 1960 मध्ये महाराष्ट्रात. वितरकांनी मात्र जुनी सीमा तशीच ठेवली. या क्षेत्रातल्या वितरक आणि चित्रपटगृहवाल्यांची संघटना, सेंट्रल सर्किट सिने असोसिएशन, भुसावळला आहे. पुण्या-मुंबईचा प्रेक्षक धंद्याच्या हिशेबात ‘मुंबई’ क्षेत्रात मोडतो, वाशिमचा ‘सी.पी. बेरार’मध्ये. म्हणून एखादा सिनेमा ‘महाराष्ट्रात चालला’ असे कोणी लिहिले तर त्यात वाशिमचा प्रेक्षक धरला आहे की नाही, हे आधी तपासावे लागते.

आता सिनेमा. ‘एजंट विनोद’ राजश्री प्रॉडक्शन्सचा. घरंदाज, कौटुंबिक सिनेमांसाठी ओळखल्या जाणाऱ्या ताराचंद बडजात्यांच्या संस्थेने काढलेला. दिग्दर्शक दीपक बाहरी, नायक महेंद्र संधू, नायिका आशा सचदेव. गोष्ट साधी आहे. एका शास्त्रज्ञाचे (नझीर हुसेन) अपहरण होते. गुप्तहेर खात्याचा प्रमुख (के. एन. सिंग) विनोदला त्याच्या शोधावर पाठवतो. वाटेत शास्त्रज्ञाची मुलगी त्याला येऊन मिळते. सोबतीला जगदीप आणि जयश्री टी. यांची जोडी. समोर ‘स्कॉर्पियन’ नावाच्या टोळीचा म्होरक्या, आणि तो कोण, तर इफ्तेखार.

श्रेयनामावली हा इतिहासकाराच्या दृष्टीने सिनेमातला सर्वांत विश्वासार्ह कागद असतो आणि ‘एजंट विनोद’ची नामावली प्रेक्षकाबद्दल बरेच सांगते. इफ्तेखार म्हणजे त्या काळच्या हिंदी सिनेमातला पोलीस अधिकारी. वर्दीतला इफ्तेखार पाहून पाहून डोळ्यांना सवय झालेली. त्याला खलनायक करण्यात धक्का आहे, आणि तो धक्का आधीचे सिनेमे पाहिलेल्यालाच बसतो. जगदीपचे पात्र स्वतःला जेम्स बाँड म्हणवते. हा विनोद कळायला बाँड कोण हे माहीत असावे लागते. म्हणजे निर्मात्याने गृहीत धरलेला प्रेक्षक मुरलेला आहे. त्याने जितेंद्रचा ‘फर्ज’ (1967) आणि धर्मेंद्रचा ‘आँखे’ (1968) पाहिले आहेत, गुप्तहेराकडून काय अपेक्षा ठेवायची हे त्याला ठाऊक आहे. ‘फर्ज’ स्वतः तेलुगूतल्या ‘गुढचारी 116’ वरून आलेला, तेव्हा ही आवड एका भाषेपुरती किंवा एका शहरापुरती नव्हती.

नामावलीतले माझ्या दृष्टीने सर्वांत बोलके नाव मात्र संगीतकाराचे आहे: राम लक्ष्मण. हे दोघे. लक्ष्मण म्हणजे नागपूरचे विजय पाटील, जन्म 1942. राम म्हणजे त्यांचे जोडीदार सुरेंद्र. दादा कोंडके यांनी ‘पांडू हवालदार’ (1975) साठी या जोडीला संगीताचे काम दिले आणि राम-लक्ष्मण हे नावही दादांचेच. ‘एजंट विनोद’ या जोडीला मिळाला आणि त्यानंतर थोड्याच काळात, 1976 मध्ये, राम वारले. विजय पाटलांनी जोडीचे नाव सोडले नाही. पडद्यावर दोन नावे आणि मागे एकच माणूस, असे या सिनेमापासून पुढे कित्येक वर्षे चालले. त्याच 1977 साली दादांच्या ‘राम राम गंगाराम’लाही याच नावाचे संगीत होते. विदर्भातल्या प्रेक्षकासाठी ही गोष्ट किरकोळ नाही. परदेशी धाटणीच्या हेरपटाला नागपूरच्या माणसाने चाली दिल्या, आणि तोच माणूस त्याच वर्षी दादा कोंडक्यांच्या गाण्यांतून घराघरांत होता. जयश्री टी. याही मराठी सिनेमातून ओळखीच्या. ‘एजंट विनोद’ वऱ्हाडात सर्वस्वी परका सिनेमा म्हणून आला नाही.

प्रेक्षकाला तो किती आवडला? याचे उत्तर समीक्षेत शोधण्यापेक्षा त्यानंतर काय घडले यात शोधावे. दोन वर्षांनी, 1979 मध्ये, रविकांत नगाइच यांचा ‘सुरक्षा’ आला. त्यात मिथुन चक्रवर्ती ‘गनमास्टर जी-9’ हा हेर होता. तोच हेर 1981 मध्ये ‘वारदात’मधून पुन्हा आला. विनोद पुन्हा आला नाही. राजश्रीने दीपक बाहरी आणि राम लक्ष्मण या दोघांना पुढे ठेवले. 1979 च्या ‘तराना’चे दिग्दर्शक आणि संगीतकार हेच, नायक मात्र मिथुन आणि गोष्ट प्रेमाची. एखादी संस्था दिग्दर्शक ठेवते, संगीतकार ठेवते आणि नायक व प्रकार दोन्ही बदलते, तेव्हा गल्ल्यावरून तिने काय वाचले ते उघड होते. गाणी पसंत पडली आणि हेर पुन्हा बोलावण्याइतका पसंत पडला नाही, असे मी त्याचे वाचन करतो. हे अनुमान आहे, पण ज्यांचे पैसे गुंतले होते त्यांच्या निर्णयावर आधारलेले आहे. त्याला मी कोणत्याही एका परीक्षणापेक्षा जास्त वजन देईन.

टॉकीजमधले मत असे झाले. घरातले मत वेगळे होते, आणि ते नोंदवणारा पहिला मोठा कागद दिल्लीचा आहे.

1982 च्या आशियाई खेळांच्या सुमारास देशात रंगीत टीव्ही आणि व्हीसीआर मोठ्या संख्येने आले. दूरदर्शनची लघुशक्ती केंद्रे 1984 पासून झपाट्याने उभी राहू लागली, पण व्हीसीआरला केंद्राची गरज नव्हती. वीज, टीव्ही आणि कॅसेट एवढे पुरेसे होते. मुंबईतली ‘शेमारू’ 1962 मध्ये पुस्तके भाड्याने देणारे वाचनालय म्हणून सुरू झाली होती, तिने 1979 मध्ये व्हिडिओ कॅसेट भाड्याने द्यायला सुरुवात केली. वाचनालयाची सभासद-पद्धत सिनेमाला लागू झाली. लहान गावांत रूप आणखी साधे होते. रात्रीपुरता टीव्ही आणि व्हीसीआर भाड्याने आणायचा, तीन-चार कॅसेट आणायच्या, गल्लीने वर्गणी काढायची आणि पहाटेपर्यंत पाहायचे. लग्नघर असो की गणपतीचा मांडव, मराठी मुलखात ही पद्धत सर्वत्र होती.

याच काळात संसदेने कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती केली. ती 8 ऑक्टोबर 1984 पासून अमलात आली. दुरुस्तीसोबतचे उद्देश आणि कारणांचे निवेदन, म्हणजेच वर म्हटलेला दिल्लीचा कागद, प्रेक्षकाचा इतिहास लिहिणाऱ्याने शांतपणे वाचावे असे आहे. त्यात म्हटले आहे की, चोरट्या नकलांमुळे निर्मात्यांचे कोट्यवधी रुपयांचे नुकसान होते आणि सरकारचा कर बुडतो. देशात व्हिडिओची लाट आली आहे आणि प्रमाणपत्र नसलेल्या व्हिडिओ फिल्म मोठ्या प्रमाणावर दाखवल्या जात असल्याच्या वार्ता आहेत. देशभर व्हिडिओ पार्लर उगवले आहेत आणि ते प्रवेशमूल्य घेऊन सिनेमे दाखवतात. सरकारने हे तक्रार म्हणून लिहिले. मला त्यात प्रेक्षकाचे मतदान दिसते. सिनेमा कधी पाहायचा, कुठे पाहायचा आणि कोणता पाहायचा हे वितरकाने ठरवू नये असे लाखो लोकांनी ठरवले होते, आणि संसदेला त्याची दखल घ्यावी लागली. ‘देशभर’ या एका शब्दात वाशिमही येते.

या दुरुस्तीने ‘सिनेमॅटोग्राफ फिल्म’च्या व्याख्येत व्हिडिओ फिल्म घातली आणि कलम 52-अ आणले. व्हिडिओ कॅसेटवर आणि तिच्या डबीवर तीन गोष्टी दिसल्याच पाहिजेत असे हे कलम सांगते. सेन्सॉर प्रमाणपत्राची प्रत, व्हिडिओ बनवणाऱ्याचे नाव-पत्ता आणि त्याने परवानगी घेतल्याचे प्रकटन, आणि मूळ हक्कदाराचे नाव-पत्ता. मोडल्यास कलम 68-अ खाली तीन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. कायदा करणाऱ्यांना चोरी पकडायची होती. त्यांच्या हातून एक दप्तर तयार झाले. 1984 नंतरची प्रत्येक रीतसर कॅसेट स्वतःचा जन्मदाखला अंगावर घेऊन फिरते, आणि जिच्यावर तो नाही ती कॅसेटही आपण कुठून आलो ते न सांगण्यातून सांगते. ज्या घरात अशी विनालेबल, हाताने नाव लिहिलेली कॅसेट असेल तिथे कुणीतरी कुणाकडून तरी नक्कल करून घेतली होती. एवढा खटाटोप माणूस नावडत्या सिनेमासाठी करत नाही.

कॅसेटच्या आतली फीत हा त्याहून जवळचा पुरावा आहे. पाल पद्धतीची ‘ई-180’ व्हीएचएस कॅसेट तीन तास चालते, त्यात अडीच तासांचा हिंदी सिनेमा पूर्ण बसतो. व्हीसीआरमध्ये फिरत्या ड्रमवरचे हेड फितीला घासून चित्र वाचते. एकाच जागी ‘पॉज’ केले किंवा तोच तुकडा पुन्हा पुन्हा लावला की तिथला चुंबकीय लेप झिजतो आणि पडद्यावर पांढरे ओरखडे दिसू लागतात. म्हणजे घरच्या प्रेक्षकाला काय पुन्हा पाहावेसे वाटले याची खूण फितीवरच राहते. गाणे झिजले आहे की मारामारी, हे यंत्रावर लावून पाहता येते. टॉकीजमध्ये प्रेक्षकाला हा अधिकार नव्हता. तिथे नावडते दृश्यही बसून पाहावे लागे आणि आवडते एका तिकिटात एकदाच मिळे. घरात कंटाळवाणी कॅसेट काढून दुसरी लावता येत होती. यंत्राचे भाडे सिनेमागणिक नसून रात्रीचे होते, त्यामुळे एकाच रात्रीत तीन-चार सिनेमे एकमेकांशी स्पर्धा करत. हेरगिरीच्या सिनेमाची ताकद इथे वेगळी ठरते. त्याचे रहस्य एकदा कळले की संपते, पण गाडीचा पाठलाग, यंत्रे, हाणामारी आणि गाणी पुन्हा लावता येतात. ‘एजंट विनोद’ या दोन्ही बाजूंनी बनलेला आहे, म्हणून टॉकीजमध्ये दुसरा भाग न मागणारा प्रेक्षक घरात त्यातले तुकडे मागू शकत होता.

घरात बसलेला हा माणूस खासगी की सार्वजनिक? हा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयापुढे आला. गरवारे प्लास्टिक्स अँड पॉलिएस्टर विरुद्ध टेलिलिंक या खटल्यात (निकाल 1989) केबलवाले व्हीसीआरवर सिनेमा लावून तारेने घरोघरी पोचवत होते. त्यांचे म्हणणे असे की, पाहणारा आपल्या घरात पाहतो, मग हे जाहीर प्रदर्शन कसे? न्यायमूर्ती सुजाता मनोहर यांनी ते मानले नाही. वर्गणी भरणाऱ्या वेगवेगळ्या घरांतले प्रेक्षक मिळून जनताच होतात, त्यांच्यापर्यंत सिनेमा पोचवणे म्हणजे जनतेपर्यंत पोचवणे, असा निकालाचा अर्थ. पुढे 1993 मध्ये लक्ष्मी व्हिडिओ थिएटर्स विरुद्ध हरियाणा राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने व्हीसीआरवर पार्लरमध्ये सिनेमा दाखवणे हे सिनेमॅटोग्राफच्या कायद्यात येते असे ठरवले. 1952 च्या कायद्याच्या वेळी व्हीसीआर नव्हता, हा पार्लरवाल्यांचा युक्तिवाद टिकला नाही. हलती चित्रे दाखवणारे कोणतेही यंत्र, अशी कायद्यातली व्याख्या पुरेशी रुंद होती.

हे दोन्ही निकाल मालकी हक्क आणि परवान्याबद्दल आहेत. पण त्यांतून मला दिसते ते असे: ओसरीवर चटई टाकून बसलेली वाशिमची आठ-दहा माणसे त्या दशकात पहिल्यांदाच न्यायालयाच्या विचारात येण्याइतकी मोठी झाली. केबलच्या तारेने जोडलेल्या चार घरांना मिळून ‘जनता’ म्हणावे लागले.

याच प्रेक्षकाला राजश्रीने किती ओळखले होते, याचा सर्वांत ठळक पुरावा 1994 चा आहे. ‘मैंने प्यार किया’ (1989) ने विजय पाटलांना फिल्मफेअर पुरस्कार मिळवून दिला होता. त्यांचेच संगीत असलेला ‘हम आपके हैं कौन’ 5 ऑगस्ट 1994 रोजी आला तेव्हा राजश्रीने त्याच्या प्रिंट सुरुवातीला मोजक्याच ठेवल्या आणि व्हिडिओ कॅसेट बाजारात आणणे रोखून धरले. ज्याला गाणी पुन्हा पुन्हा हवी आहेत त्याने टॉकीजमध्ये यावे, हा त्यामागचा विचार. तो विचार बरोबर ठरला, माणसे कुटुंबेच्या कुटुंबे घेऊन आली. ‘एजंट विनोद’च्या वेळी ज्या प्रेक्षकाने गाण्यांच्या बाजूने कौल दिला असे मी वर म्हटले, त्याच्यावर त्या संस्थेने सतरा वर्षांनी एवढा मोठा डाव लावला. नागपूरच्या संगीतकाराची दोन टोके, एका बाजूला हेरपट आणि दुसऱ्या बाजूला लग्नघर, या एका निर्णयात जोडली जातात.

कॅसेटनंतर सिनेमाची सीडी, म्हणजे व्हीसीडी, आली. व्हीसीडीच्या एका तबकडीवर 74 मिनिटे मावत, म्हणून हिंदी सिनेमा दोन किंवा तीन तबकड्यांत यायचा. 2007 मध्ये मोझर बेअर या कंपनीने व्हीसीडी 28 रुपयांना आणि डीव्हीडी 34 रुपयांना विकायला सुरुवात केली. भाड्याने आणायचा सिनेमा विकत घेण्याइतका स्वस्त झाला. त्यामुळे जुन्या सिनेमांना दुसरे आयुष्य मिळाले. रस्त्याकडेच्या दुकानात नव्या सिनेमाशेजारी 1970 च्या दशकातले सिनेमे मांडले जाऊ लागले आणि आठवण असलेला माणूस ते उचलू लागला. त्याआधी नोव्हेंबर 2006 मध्ये राजश्रीने ‘विवाह’ चित्रपटगृहांसोबतच इंटरनेटवरही आणला होता. 1994 मध्ये कॅसेट रोखणारी संस्था बारा वर्षांत पहिल्याच दिवशी घरात शिरायला तयार झाली. घरच्या प्रेक्षकाबद्दलचे धंद्याचे मत किती बदलले ते या दोन तारखा शेजारी ठेवल्या की दिसते.

आणि मग विनोद परत आला, निदान नावाने. 23 मार्च 2012 रोजी श्रीराम राघवन यांचा ‘एजंट विनोद’ प्रदर्शित झाला, सैफ अली खान नायक. कथा नवी होती, जुन्याचा तो रिमेक नव्हता. राघवन यांचा जन्म 1963 चा, ते पुण्यात वाढले आणि तिथल्याच फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये शिकले. पहिला ‘एजंट विनोद’ आला तेव्हा ते शाळकरी वयाचे होते. त्या जुन्या सिनेमाला दुसरा भाग मिळाला नव्हता, मोठे पुरस्कार नव्हते, नायकाचे मोठे नाव झाले नव्हते. तरी 35 वर्षांनी मोठ्या खर्चाच्या सिनेमाला हे नाव द्यावेसे वाटले. ते नाव मधल्या काळात कुणीतरी जिवंत ठेवले होते, आणि ते काम टॉकीजने केलेले नाही. ते काम टीव्ही, कॅसेट आणि तबकडीवर पुन्हा पुन्हा पाहणाऱ्यांनी केले, असे मला ठामपणे वाटते. 2012 च्या सिनेमाला संमिश्र प्रतिसाद मिळाला. विजय पाटील 22 मे 2021 रोजी नागपुरात वारले, तेव्हा श्रद्धांजलीच्या मजकुरांत ‘मैंने प्यार किया’ आणि ‘हम आपके हैं कौन’ पुढे होते, पण हिंदीतली सुरुवात म्हणून ‘एजंट विनोद’चे नाव घ्यावेच लागले.

या इतिहासाचा उरलेला भाग आता वाशिम, कारंजा, रिसोडच्या घरांत, माळ्यावर आणि बंद पडलेल्या व्हिडिओ दुकानांच्या खोक्यांत आहे. चुंबकीय फितीचे आयुष्य काही दशकांचेच असते. जगभरच्या दृकश्राव्य संग्रहालयांनी 2025 च्या आसपासची मर्यादा धरून फिती उतरवून घेण्याची घाई केली ती याच कारणाने. तेव्हा कुणाच्या हाती अशी कॅसेट लागली तर ती आधी यंत्रात घालू नये. बुरशी असेल तर फीतही जाते आणि हेडही. आधी डबीच्या चारही बाजूंचा आणि लेबलाचा फोटो घ्यावा, प्रमाणपत्राचा क्रमांक, व्हिडिओ कंपनीचा पत्ता, दुकानाचा शिक्का, हाताने लिहिलेली तारीख उतरवून ठेवावी. दुकानाची भाड्याची वही सापडली तर तिच्यातली माणसांची नावे झाकावीत आणि सिनेमांची नावे व तारखा जपाव्यात. कोणती कॅसेट किती वेळा बाहेर गेली हे त्या वहीइतके नेमके दुसरा कोणताही कागद सांगणार नाही.